स्टेंट सांगितलाय? सहीच्या आधी आणि डिस्चार्जनंतर काय करायचं

कॅथलॅबचं (अँजिओग्राफी करतात त्या खोलीचं) दार उघडून डॉक्टर बाहेर येतात, पडद्यावर अँजिओग्राफीचं चित्र दाखवतात आणि विचारतात, "इथे नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊया का?" रुग्ण आत टेबलावर असतो आणि बाहेर घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे असतात. हा लेख त्या पाच मिनिटांसाठी आहे, आणि त्यानंतरच्या वर्षभरासाठीही. भर हृदयाच्या स्टेंटवर, म्हणजे रक्तवाहिनीत बसवतात त्या धातूच्या जाळीवर आहे. शेवटी मूतखड्याच्या वेळी टाकतात त्या डीजे स्टेंटबद्दलही लिहिलंय, कारण त्याचे नियम नेमके उलटे आहेत आणि तिथे गल्लत महागात पडते.

वाचायला वेळ कमी असेल तर कोटिंगचा भाग तेवढा नीट वाचा. स्टेंटवरचं औषध काय करतं हे कळलं की गोळ्या का चुकवायच्या नाहीत, दात काढायच्या आधी फोन का करायचा, गुडघेदुखीची गोळी मनाने का घ्यायची नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पहिला प्रश्न: अ‍ॅटॅक चालू आहे का?

बाकीचं सगळं या एका उत्तरावर ठरतं. अ‍ॅटॅकमध्ये रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते आणि मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी स्टेंट जीव वाचवतो, याबद्दल वाद नाही. कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडली जावी असा जगभरचा दंडक आहे. तेव्हा इथे दुसरं मत घेत बसू नका, पुण्याच्या मामांना रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप करत बसू नका. सही करा.

घर तालुक्याच्या गावी असेल आणि कॅथलॅब दोन तासांपेक्षा लांब असेल, तर जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं (स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज) आणि मग मोठ्या रुग्णालयाकडे निघायचं. थेट शहराकडे गाडी दामटण्यात बहुमोल वेळ रस्त्यावर जातो. त्यातही स्वतःच्या गाडीपेक्षा १०८ ची रुग्णवाहिका बरी, कारण वाटेत हृदय थांबलं तर शॉक द्यायची सोय तिच्यात असते.

अ‍ॅटॅक चालू नसेल, म्हणजे चढ चढताना छातीत दाटतं, थांबल्यावर बरं वाटतं, असं कित्येक महिने चाललेलं असेल, तर तुमच्या हातात वेळ आहे. "आत्ताच नाही केलं तर कधीही काहीही होऊ शकतं" हे वाक्य अशा रुग्णांच्या नातेवाइकांना सर्रास ऐकवलं जातं. अभ्यास तसं सांगत नाहीत. २००७ चा करेज आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला, पाच हजारांवर रुग्णांचा इस्केमिया, या दोन्ही मोठ्या अभ्यासांत स्थिर दुखणं असलेल्या लोकांमध्ये चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत स्टेंटने मृत्यू किंवा अ‍ॅटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीत दुखणं मात्र कमी होतं, आणि ज्याला जिना चढवत नाही त्याच्यासाठी तेही थोडं नव्हे. डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीतला अडथळा, हृदयाचं खूप कमी झालेलं पंपिंग किंवा नुकताच येऊन गेलेला अ‍ॅटॅक, असे रुग्ण इस्केमिया अभ्यासात नव्हते. त्यांना हे आकडे लावू नका.

सहीच्या आधी विचारायचं ते

वेळ असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा: हा अडथळा नेमका कुठल्या वाहिनीत आहे? माझं दुखणं त्याच्यामुळेच आहे हे कशावरून? टक्केवारी डोळ्यांनी अंदाजून काढलेली असते. ५० ते ७० टक्क्यांच्या मधला अडथळा असेल तर एफएफआर नावाची तपासणी करता येते. बारीक तारेने अडथळ्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजतात. नंतरच्या दाबाला आधीच्या दाबाने भागून येणारं उत्तर ०.८० पेक्षा जास्त आलं तर तो अडथळा रक्तप्रवाहाला फारसा त्रास देत नाही, औषधांवर भागतं.

तिन्ही वाहिन्यांत अडथळे आणि जोडीला मधुमेह असेल तर बायपासबद्दल आवर्जून विचारा. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात अशा रुग्णांमध्ये बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरली होती. छाती उघडायची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून चार-चार स्टेंट टाकून घेण्याकडे कल असतो. ही भीती मला समजते, पण निर्णय भीतीवर सोडू नये. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि हृदयशल्यविशारदाला दाखवा. ती मागण्यात संकोच नको. तपासणी तुमची आहे, पैसे तुम्ही भरलेत.

डॉक्टरांना तुम्ही होऊन सांगायच्या गोष्टीही आहेत: पूर्वी कधी रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली होती का, येत्या वर्षात कुठलं ऑपरेशन ठरलंय का (हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशय, काहीही), किडनीचं क्रिएटिनिन किती, आयोडीनच्या रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी आहे का, आणि रुग्ण वर्षभर रोज गोळ्या घेईल का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. त्यावर उपचार बदलू शकतो.

कोटिंग: सगळ्याची चावी

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवून अडथळा दाबला. युक्ती चालली, पण बऱ्याच जणांची वाहिनी काही महिन्यांत पुन्हा आक्रसायची. मग १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे जाक प्युएल यांनी आणि पाठोपाठ स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिक सिगवार्ट यांनी वाहिनीला आतून टेकू देणारी धातूची जाळी बसवली. हाच स्टेंट.

टेकू मिळाला, पण नवं दुखणं सुरू झालं. फुगा फुगवताना वाहिनीच्या आतल्या थराला जखम होते. शरीर ती भरून काढायला पेशी वाढवतं, आणि कधीकधी इतक्या वाढवतं की जाळीच्या आतच मांस वाढून वाट पुन्हा बुजते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे साधारण शंभरातल्या वीस-तीस जणांना व्हायचं.

उपाय निघाला तो औषध लावलेल्या स्टेंटचा. पहिला गाजलेला सायफर. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली. त्यावरचं औषध सिरोलिमस. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं आणि एरवी किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देतात. ते पेशींची वाढ रोखतं. स्टेंटवर पॉलिमरचा (प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) पातळ थर असतो, औषध त्यात मुरवलेलं असतं आणि ते पुढच्या काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत हळूहळू वाहिनीच्या भिंतीत उतरतं. आज वापरात असलेली एव्हरोलिमस, झोटारोलिमस ही त्याच कुळातली औषधं. पुन्हा बुजण्याचं प्रमाण यामुळे दहा टक्क्यांच्या खाली आलं.

मेख इथेच आहे. औषध पेशींची वाढ रोखतं, त्यात जखम भरून आणणाऱ्या चांगल्या पेशीही आल्या. धातूच्या तारांवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला त्यामुळे वेळ लागतो. अस्तर चढेपर्यंत तार रक्तात उघडी असते, आणि उघड्या परक्या वस्तूवर रक्त गोठतं. २००६ च्या सुमाराला पहिल्या पिढीच्या स्टेंटमध्ये वर्षानंतरही गुठळ्या होत असल्याचं दिसलं तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. त्यानंतर तारा बारीक झाल्या (सायफरच्या सुमारे १४० मायक्रॉन, आजच्या चांगल्या स्टेंटच्या ६० ते ८०, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास), पॉलिमर शरीराला कमी बोचणारे आले, काही तर औषध संपल्यावर स्वतःच विरघळून जाणारे आले. धोका बराच घटला. शून्य झाला नाही.

आख्खा स्टेंटच विरघळून जाईल अशी कल्पनाही निघाली होती. अ‍ॅब्सॉर्ब नावाच्या अशा स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्याची विक्री थांबली, कारण त्यात गुठळ्यांचं प्रमाण जास्त निघालं. "नवीन आणि महाग म्हणजे चांगलं" असं कोणी सांगू लागलं की अ‍ॅब्सॉर्ब आठवावा.

"इम्पोर्टेड टाका, पैशांचं बघू" या आग्रहाचंही तसंच. सुरतेत तयार होणारा सुप्राफ्लेक्स आणि जगभर वापरला जाणारा झायन्स यांची युरोपात तुलना झाली. २०१९ च्या टॅलेंट अभ्यासात सुप्राफ्लेक्स कुठे कमी पडला नाही. स्टेंटच्या नावापेक्षा तो नीट फुगून भिंतीला टेकला की नाही हे जास्त महत्त्वाचं. ते आतून बघण्यासाठी आयव्हस किंवा ओसीटी या वाहिनीच्या आतून चित्र घेणाऱ्या तपासण्या वापरतात. गुंतागुंतीच्या जागी हा वरचा खर्च वाजवी असतो.

पैशांचं

२०१७ पर्यंत औषधी स्टेंटची छापील किंमत लाखाच्या पुढे असायची. बीरेंद्र संगवान या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले आणि १३ फेब्रुवारी २०१७ ला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवून दिली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये. पुढे या किमती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलत गेल्या. औषधी स्टेंट अजूनही जीएसटी सोडून चाळीस हजारांच्या आत आहे. देशी-परदेशी असा भेद या मर्यादेत नाही.

बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवणं, त्यावर ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक लिहिणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. एकरकमी "पॅकेज" लिहून दिलं असेल तर फोड करून मागा. फुगे, तारा आणि कॅथलॅबचं भाडं या मर्यादेत येत नाही, बिल फुगतं ते तिथे. म्हणून खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात गेल्या गेल्या आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधार घरून निघतानाच पिशवीत टाका. तातडीच्या वेळी मंजुरी फोनवरूनही घेता येते, पण त्यासाठी योजनेचं नाव सुरुवातीलाच काढावं लागतं. रोख भरून झाल्यावर ते पैसे परत मिळवणं फार कठीण. माहितीसाठी १५५३८८ वर फोन करा.

आत काय होतं

फार काही नाही, असंच म्हणावं लागेल. रुग्ण जागा असतो. मनगटाला किंवा जांघेत सुन्न करणारं इंजेक्शन देतात, तिथून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. रंगद्रव्य सोडल्यावर अंगात गरम लाट गेल्यासारखं वाटू शकतं, फुगा फुगवतात तेव्हा काही सेकंद छातीत दाटतं. तसं झालं की बोलून सांगायचं. साधी केस तासाभरात संपते. नंतर लघवीवाटे रंगद्रव्य निघून जावं म्हणून पाणी प्यायला सांगतात, अर्थात हृदय कमजोर नसेल तर. मनगट एक-दोन दिवस जपा, बादली उचलू नका. काळंनिळं होणं चालतं. गाठ वाढत चालली, हात बधिर किंवा गार पडला, तर परत जा.

गोळ्या

घरच्यांचं खरं काम इथून सुरू होतं. वर कोटिंगबद्दल वाचलंत ते आठवा: तार उघडी आहे, अस्तर यायचंय. तोवर गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या एकत्र देतात. एक अ‍ॅस्पिरिन, बहुधा ७५ मिलिग्रॅम, ती बहुतेकांना कायमची. दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. अ‍ॅटॅकनंतरच्या स्टेंटला ही जोडी साधारण वर्षभर, स्थिर दुखण्यासाठी टाकलेल्या स्टेंटला साधारण सहा महिने. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. ती कमी करण्याचा अधिकार डॉक्टरांचा, मेडिकलवाल्याचा नाही आणि शेजारच्या काकांचाही नाही.

स्टेंटमध्ये अचानक गुठळी होणं शंभरात एखाद्याला होतं, किंवा त्याहूनही कमी. पण झालं तर तो थेट मोठा अ‍ॅटॅक असतो आणि त्यात अनेक जण दगावतात. धोका पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त, आणि गोळ्या मध्येच बंद करणं हे त्याचं मोठं कारण. गोळ्या बंद कशा होतात ते पाहिलं तर कारणं अगदी घरगुती असतात. स्ट्रिप संपली आणि रविवार होता. लग्नाला गावी गेलो, डबी घरी राहिली. एकादशी होती, उपाशीपोटी कशी घेणार? (घ्या. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडत नाही, आणि मोडला तरी विठोबा समजून घेईल.) हिरड्यांतून रक्त आलं म्हणून आपणच थांबवली. दात काढायचा होता म्हणून दंतवैद्याने थांबवायला सांगितली. बरं वाटतंय, मग कशाला?

टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते, एक वेळ चुकली की तिचा असर लवकर ओसरतो. काहींना तिने दम लागल्यासारखं होतं. घाबरून सोडू नका, फोन करून गोळी बदलून घ्या. क्लोपिडोग्रेल चालू असताना पित्तासाठी ओमेप्राझोल मनाने घेऊ नका, ते तिचा परिणाम कमी करतं. पँटोप्राझोल चालतं. गुडघे-कंबरेसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळा, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरते. आणि लिंबू, आलं, लसूण, अ‍ॅपल व्हिनेगर उकळून केलेला, "ब्लॉकेज उघडणारा" तो प्रसिद्ध काढा: त्याने कुठलाही ब्लॉकेज उघडत नाही.

तिसरी गोळी स्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणारी. स्टेंटने एक जागा उघडली, बाकीच्या वाहिन्यांत चरबी साचणं चालूच आहे. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५५ च्या खाली आणावं असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. रिपोर्ट "नॉर्मल" आला म्हणून ही गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. तंबाखू, मिश्री, बिडी यांबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी.

पुन्हा दुखलं तर

दोन प्रकार ओळखायला शिका. महिनोन्‌महिने बरं होतं आणि आता हळूहळू पूर्वीसारखं, चालताना दाटू लागलंय, तर स्टेंट आतून भरत आला असेल. ही आठवड्याभरात डॉक्टरांना गाठायची गोष्ट. औषध लावलेल्या फुग्याने किंवा दुसऱ्या स्टेंटने त्यावर इलाज होतो. पण बसल्या जागी कळ आली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, पंधरा मिनिटांत थांबली नाही, तर तो अ‍ॅटॅक समजा. जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीतल्या कळेची गोळी) ठेवायची ती बसूनच, कारण उभ्याने चक्कर येऊन पडायला होतं. आणि १०८ ला फोन. मधुमेही आणि वयस्क बायकांमध्ये कळ नसतेही. नुसता दम, मळमळ, गळून जाणं एवढंच दिसतं, आणि ते "अ‍ॅसिडिटी" म्हणून रात्रभर अंगावर काढलं जातं.

काळी, डांबरासारखी शी झाली तर तेही तातडीचंच.

एमआरआय करायचा असेल तर आजचे हृदयाचे स्टेंट त्याला आड येत नाहीत, फक्त स्टेंटचं कार्ड दाखवा. विमानतळावर घंटी वाजत नाही. दुसरं कुठलं ऑपरेशन पुढे ढकलता येण्याजोगं असेल तर स्टेंटनंतर सहसा सहा महिने, अ‍ॅटॅकनंतर वर्षभर थांबतात. स्टेंटचं कार्ड आणि डिस्चार्ज पेपर यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

डीजे स्टेंटचं उलटं आहे

मूतखड्याच्या ऑपरेशननंतर किडनी ते मूत्राशय अशी एक मऊ प्लास्टिकची नळी ठेवतात, दोन्ही टोकं वळलेली. हा डीजे स्टेंट. नाव तेच, पण हृदयातला स्टेंट कायमचा असतो आणि हा काढायचाच असतो, काही आठवड्यांत, फार तर साधारण तीन महिन्यांत. त्याच्यावरचं कोटिंग मुख्यतः नळी सहज सरकावी म्हणून असतं. क्षार साचणं खात्रीने थांबवेल असं कोटिंग अजून नाही.

तो आत असताना वारंवार लघवी लागणं, लघवी करताना कंबरेत कळ जाणं, कष्ट केल्यावर लघवी लालसर होणं, हे नेहमीचं आहे. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने बराच आराम पडतो. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय.

खरी पंचाईत होते ती विसरण्याने. खडा गेला, दुखणं थांबलं, शेतीची कामं निघाली, आणि नळी आत राहिली. तिच्यावर क्षारांचे थर चढून तिचाच खडा होतो, मग दहा मिनिटांत निघणारी नळी काढायला दोन-तीन ऑपरेशनं लागतात. कधी किडनीही जाते. डिस्चार्जच्या वेळी "स्टेंट ठेवलाय का आणि काढायची तारीख कोणती" हे दोन्ही विचारून तारीख लिहून घ्या. ज्यांनी टाकला त्यांच्याकडेच जायला हवं असं काही नाही, कुठलाही मूत्ररोगतज्ज्ञ तो काढू शकतो. घरात कुणाचं खड्याचं ऑपरेशन होऊन गेलंय आणि नळी काढल्याचं कुणालाच आठवत नसेल, तर पोटाचा एक साधा एक्स-रे काढा. आत असेल तर ती त्यात दिसते.